गळ्यातली मोठीबाई

बसा. चहा येतोय, तोवर सांगतो. मध्येच उठून जाणार असाल तर मात्र आत्ताच सांगा, कारण ही गोष्ट अर्धवट राहिली की मला दोन दिवस जेवण जात नाही.

काम साधं होतं. माळ्यावरची ट्रंक खाली काढायची. मे महिन्यातला रविवार, सकाळचे नऊ वाजले होते, आणि पुंडलिकनगरच्या आमच्या घरात तेव्हाच भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. मी स्टुलावर चढलो. रत्नमालानं, म्हणजे माझ्या बायकोनं, स्टूल धरलं आणि धरता धरता माझ्या वयावर दोन शब्द बोलून घेतले. गव्हाची कोठी, जुना पाळणा, बिघडलेला कूलर, या सगळ्यांच्या मागं आईची हिरवी पत्र्याची ट्रंक होती. ओढली तेव्हा तिच्यामागून एक पाल सुळकन पळाली. रत्नमाला ओरडली, मी हसलो. मी घाबरणाऱ्यांतला नव्हतो.

माझं नाव गोकुळ. इथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी अठ्ठावीस वर्षं सहायक होतो. मुलांना परीक्षानळ्या काढून द्यायच्या, ॲसिडच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, असलं काम. पण घरात माझा तोरा प्राध्यापकापेक्षा वरचा. कुणी दृष्ट काढायला मीठ-मोहरी हातात घेतली की मी त्याला मिठाचं रासायनिक नाव सांगायचो. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

ट्रंक काढायचं कारण आई. दगडाबाई तिचं नाव, वय शहात्तर. दोन वर्षांपासून तिला विसर पडत चालला होता. आधी किल्ल्या, मग दिवस, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, ‘गोळ्यांनी व्हायचं तेवढं होईल. तुम्ही एक करा. घरातले सगळे जमा, जुन्या वस्तू काढा, तिच्या हातात द्या, गप्पा मारा. ओळखीच्या वासानं माणूस कधी कधी परत येतो.’ कोण परत येतो, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

मला फार काही नको होतं हो. तिनं एकदा मला नावानं हाक मारावी, बस. लहानपणापासून ती मला ‘गोकुळा’ म्हणायची, शेवटचा आ लांबवून, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा. गेले नऊ-दहा महिने ती मला ‘भाऊ’ म्हणत होती. मी पाणी नेऊन दिलं की हात जोडून म्हणायची, ‘देव तुमचं भलं करो, भाऊ.’ सख्ख्या आईनं पाण्याच्या तांब्यासाठी आपल्याला हात जोडलेले बघायचे, याचं दुःख दुसऱ्याला सांगून कळत नाही. मी तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहायचो.

आता पुढं जाण्याआधी एक गोष्ट कबूल करतो. ती लपवली तर बाकीचं काहीच कळणार नाही.

माझे कैलासवासी वडील बद्रीनाथ, त्यांचं आईशी झालेलं लग्न दुसरं. पहिली बायको केशरबाई. ती गोदाकाठच्या एका गावची, जे गाव पुढं धरणाच्या पाण्यात गेलं. लग्नानंतर तीनच वर्षांत ती बाळंतपणात गेली, बाळासकट. वर्षाच्या आत माझी आई त्या घरात आली, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणं लग्नाच्याच दिवशी तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक बांधला गेला. टाक म्हणजे रुपयाएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. ती बाई म्हणजे केशरबाई. दुसरेपणावर आलेलीनं पहिलीला असं गळ्यात वागवायचं, तिचा मान ठेवायचा, म्हणजे ती संसारात आडवी येत नाही.

आई तिला मोठीबाई म्हणायची. नवं लुगडं आलं की आधी मोठीबाईला लावायचं, मग नेसायचं. जेवायला बसली की पहिला घास टाकाला लावायचा, मग तोंडात. मी चिडवायचो, ‘तुझ्या मोठीबाईला वरण आळणी लागलं का गं?’ त्यावर ती रागवायची नाही. म्हणायची, ‘तिचं घर हाय रे हे. मी पाठीमागून आलेली. आधी तिला, मंग मला.’ असं तिनं साठ वर्षांच्या आसपास केलं. एक जेवण चुकलं नाही.

गेल्या वर्षी आषाढात माझी मुलगी मेघा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं होती. बारशाच्या आधी आईच्या गळ्याला दोरा काचून पुरळ आलं होतं. रत्नमालानं टाक काढून माझ्या हातात दिला आणि सांगितलं, ‘एवढा दोरा बदलून आणा.’ मी औरंगपुऱ्यात गेलो. दोरा घेतला. पुढं सोनाराकडं नातीचे वाळे करायला टाकले होते, तिथं गेलो. त्याला चांदी थोडी कमी पडत होती. टाक माझ्या खिशात होता. झिजून इतका सपाट झाला होता की त्यावर नाक-डोळे राहिलेच नव्हते. मी तो काढून समोर ठेवला.

‘हे बी वितळवायचं?’ सोनारानं विचारलं.

‘हे बी,’ मी म्हणालो.

घरी सांगितलं, टाक कपाटात नीट ठेवलाय, पुरळ बरं झालं की बांधू. कुणी पुन्हा विचारलं नाही. आई मात्र पुढचा महिनाभर जेवताना पहिला घास उचलून गळ्याशी न्यायची. तिथं हात थांबायचा. बोटं चाचपत राहायची, आणि घास मांडीवर पडायचा. हे मी बघितलं होतं. बघून उठून गेलो होतो.

तर तो रविवार. मुकुंदवाडीहून माझी बहीण दीपमाला आली. पुण्याहून मेघा आली, दहा महिन्यांच्या पोरीला घेऊन. पोरीला आम्ही ठकी म्हणतो. बारशाला वाळे तिला सैल झाले होते, म्हणून डबीतच राहिले होते. मेघानं त्या दिवशी हौसेनं पहिल्यांदा तिच्या पायात घातले.

बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली, आईला लोडाला टेकून बसवलं आणि मध्ये ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर झाला. मग सुरू झालं आमचं. वडिलांचं चावीचं घड्याळ. आईची चंची, अजून आत सुपारीचं एक खांड. माझी पाटी, कोपरा फुटलेली. दीपमालाचं पहिलं परकर-पोलकं, ते तिनं स्वतःच्या अंगाला लावून दाखवलं आणि आम्ही सगळे हसलो. एक एक वस्तू आईच्या हातात द्यायची आणि तोंडाकडं बघायचं. ती हातात घ्यायची, उलटीसुलटी करायची, वास घ्यायची आणि बाजूला ठेवायची, अगदी बाजारात भाजी न पटल्यासारखी.

‘आई, हे ठिगळ तूच लावलं होतंस. आठवतंय?’

‘चांगलं हाय.’

‘आई, ही पाटी माझी. फोडली म्हणून तू मला बदडलं होतंस.’

‘असं का? मारू नाय लेकराला,’ ती मला, म्हणजे तिच्या ‘भाऊ’ला म्हणाली.

दुपारी साडेबाराच्या सुमारास लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी कूलर थांबला की किती शांत होतं ते तुम्हाला माहीत आहे. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. खिडक्यांना ओली पोती लावलेली, त्यामुळं खोलीत मातकट अंधार. बोलण्यासारखं संपलंच होतं. मी मनातून पार खचलो होतो.

त्या शांततेत ठकी रांगायला लागली. वाळ्यांचे घुंगरू वाजले. छुन्... छुन्... ती सतरंजीवरून आईच्या दिशेनं निघाली.

आईनं मान वळवली. वस्तू बघताना वळवत होती तशी नाही. कुणीतरी हाक मारल्यावर वळवतात तशी.

‘आली व्हय गं...’ ती म्हणाली.

तिनं ठकीचा पाय दोन्ही हातांनी धरला, उचलला आणि त्यातला वाळा स्वतःच्या गळ्याला लावला. नेमका तिथंच, जिथं साठ वर्षं दोरा होता. ठकी रडली नाही. डोळे मोठे करून बघत राहिली. आईनं डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला, आणि पाय हळूच खाली ठेवला.

मग तिनं डोळे उघडले. समोर मी होतो. माझ्याकडं नजर जाताच तिनं झटकन पदर ओढून नाकापर्यंत घेतला आणि पाठ करून बसली. दोन वर्षं तिचे गुडघे वळत नव्हते. ती वळली ती एका झटक्यात.

दीपमालाला हसू आलं. ‘आई, अगं गोकुळ हाय. तुझा लेक.’

‘हळू बोल, बाई...’ पदराआडून आवाज आला. आवाज आईचाच, पण बारीक, कोवळा, लाजरा. ‘परका गडी बसलाय समोर. आमचे हे कुठं गेले?’

दीपमालाचं हसू थांबलं. तिनं गडबडीनं ट्रंकेतला फोटो काढला. औरंगपुऱ्यातल्या स्टुडिओत काढलेला, वडील खुर्चीत आणि नवी नवरी झालेली आई शेजारी उभी. आईनं तो घेतला. वडिलांच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला आणि अशी हसली की मीच नजर खाली घातली. आपल्या आईला असं हसताना लेकानं बघू नये.

‘अन् ही कोण उभी हाय शेजारी?’

‘तू हायस की, आई.’

‘मी अशी व्हय? हिचं नाक बघ की गं, कसं बसकं हाय.’ ती पोरीसारखी खुदकन हसली. हसता हसता तिचा हात स्वतःच्या नाकावर गेला. बोटं तिथं चाचपडली. हसणं थांबलं. तिनं हात डोळ्यांसमोर धरला, सुरकुतलेला, शिरा आलेला, आणि खूप वेळ बघत राहिली.

‘हे हात कुणाचे हैत...?’

त्याच वेळी मला वास आला. आधी मला वाटलं, मलाच येतोय. पण रत्नमाला दबक्या आवाजात म्हणाली, ‘अहो... ओवा जळतोय का कुठं?’ शेणीची आणि ओव्याची धुरी. बाळंतिणीच्या बाजेखाली शेक ठेवतात, त्याचा वास. स्वयंपाकघरात गॅस बंद होता. आजूबाजूच्या घरांत आता कोण शेणी पेटवतं? आणि वास बाहेरून येत नव्हता. तो सतरंजीवरून, जिथं ती बसली होती तिथून येत होता.

‘अप्पा जेवला का?’ तिनं विचारलं. ‘त्याला म्हणावं, पोळीचं कुणाला सांगू नको. मपल्या गळ्याची शपथ घातलीय त्याला.’

अप्पाराव हा केशरबाईचा धाकटा भाऊ. आता सत्तरीला आलाय. बहिणीच्या जागी आलेली म्हणून माझ्या आईला तो बहीण मानतो आणि दर दिवाळीला लुगडं आणतो. दीपमालानं त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

‘मामा, पोळीची काही गोष्ट आहे का? गळ्याची शपथ घातलेली?’

पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला.

‘...कोण बोललं हे?’

‘आई.’

‘दगडाबाईला कसं ठाऊक? म्या जित्या माणसाला सांगितलं नाय ते.’ म्हातारा धापा टाकत होता. ‘मी सहा वर्साचा असन. पोळ्याचा नैवेद्य दाखवायच्या आधी अक्कानं मला चोरून पुरणाची पोळी दिली. मी भुकेला व्हतो म्हणून. म्हणली, कुणाला सांगू नको, मपल्या गळ्याची शपथ. देवाच्या आधी खाल्ली म्या, अन् देवानं नेली तिला. साठ वरीस हेच वाटतंय मला...’ आणि तो फोनवरच रडायला लागला.

तिनं पदर जरासा बाजूला करून फोनकडं बघितलं.

‘हा म्हातारा काहून रडायला?’ ती म्हणाली.

लाइट आली. कूलर धडधडत सुरू झाला, ओव्याचा वास विरला. आम्ही सगळे आशेनं तिच्याकडं बघितलं. ती तशीच पाठमोरी बसली होती, पदर नाकापर्यंत.

‘दादा,’ दीपमाला माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘आईच्या गळ्यातला टाक कुठंय?’

मला खोटं बोलता आलं असतं. माझी नजर ठकीच्या पायांकडं गेली, आणि दीपमालाची नजर माझ्या नजरेमागून गेली. मेघानं पोरीला उचललं, दोन्ही वाळे ओढून काढले आणि माझ्यासमोर सतरंजीवर टाकले.

‘बाबा, काय केलंत हे?’

रत्नमाला एवढंच म्हणाली, ‘बारशापासनंच तुमचं नाव घेत नाहीत त्या. मला कळायला पाहिजे होतं.’ ती रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात अठरा-वीस वर्षांची एक बाई राहत होती, शहात्तर वर्षांच्या अंगात. पहाटे उठून ती झाडू शोधायची. जात्यावर म्हणायचं काहीतरी गुणगुणायची, जे आईच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. नदीच्या पाण्याचं, उताराचं, नावाड्याचं बोलायची. सगळं तिला लख्ख आठवत होतं. डॉक्टरांकडं नेलं तर डॉक्टर खूश. ‘बघा, म्हणालो नव्हतो? जुन्या आठवणी परत आल्या ना?’ मी मान हलवली. काय सांगणार होतो? ज्या बाईच्या आठवणी परत याव्यात म्हणून मी ट्रंक काढली, तिची एकही आठवण त्यात नव्हती. मी नव्हतो, दीपमाला नव्हती, साठ वर्षांचा संसार नव्हता.

ती वाईट नव्हती, हेही सांगतो. तिनं कुणाला त्रास दिला नाही. एका दुपारी मी तिला औषध द्यायला गेलो तर पदराआडून तिनं विचारलं, ‘भाऊ, एक विचारू? मपलं बाळ... मुलगा व्हता का मुलगी? मला कुणी सांगितलंच नाय.’

मला माहीत नव्हतं. आमच्या घरात कधी कुणी तो विषयच काढला नव्हता. मी गोळी पुढं केली. ती म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या,’ आणि गोळी घेतली. मला आईची आठवण येऊन गलबलून आलं, आणि त्याच वेळी या बाईचीही दया आली.

दुसऱ्या दिवशी ते वाळे घेऊन मी सराफ्याच्या मागच्या गल्लीत गेलो. तिथं पुंजाराम म्हणून एक म्हातारा कारागीर आहे, घरोघरच्या देवांचे आणि गेलेल्या माणसांचे टाक करतो. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं वाळे हातावर तोलले, माझ्याकडं बघितलं आणि शिवीही दिली नाही.

‘चांदी तीच हाय, हे बरं केलं. टाक व्हईन परत. पर एक ध्यानात धरा. ठशावर पत्रा ठेवून मी तीन ठोके घालतो. प्रत्येक ठोक्याला गेलेल्या माणसाचं नाव तुमच्या तोंडात पायजे. अन् मनात बी तेच. मधी दुसरं माणूस आणू नका. जित्या माणसाचा टाक करत नसत्यात.’

मी म्हणालो, ‘बरं.’ यात अवघड काय आहे, असं वाटलं.

त्यानं चांदी वितळवली, पत्रा ओढला, ठशावर बसवला. पहिला ठोका पडला. मी मोठ्यानं म्हणालो, ‘केशरबाई.’ दुसरा पडला. ‘केशरबाई.’ आणि मग काय झालं, मला माझाच राग येतो. त्या भट्टीच्या धगीत मला एकदम आई दिसली. हातात घास धरून गळा चाचपणारी. हातोडी खाली येत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आई गं...’

पुंजाराम थांबला. ‘काय म्हणलात?’

त्या वेळी खरं सांगितलं असतं तर त्यानं पत्रा पुन्हा मुशीत टाकला असता. पाच मिनिटांचं काम होतं. पण मला लाज वाटली. छप्पन वर्षांचा माणूस भट्टीपुढं बसून आईला हाक मारतो, हे कसं सांगायचं?

‘केशरबाईच म्हणालो,’ मी म्हणालो.

घरी आणून टाक दुधानं धुतला, हळदी-कुंकू वाहिलं. दीपमालाला बोलावून घेतलं. तिनं तो नव्या काळ्या दोऱ्यात ओवून आईच्या, म्हणजे त्या बाईच्या, हातात दिला. संध्याकाळचा दिवा नुकताच लावला होता. तिनं टाक तळहातावर घेतला, दिव्याजवळ नेला आणि न्याहाळत राहिली. मी बघत होतो. मला वाटत होतं, आता. आता ती मान वर करील आणि ‘गोकुळा’ म्हणेल.

‘कुणाचा हाय हा?’

‘मोठीबाईचा,’ मी म्हणालो. ‘केशरबाईचा.’

तिनं पहिल्यांदाच पदर बाजूला करून सरळ माझ्याकडं बघितलं. नजर मायेची होती, पण माझ्या आईची नव्हती.

‘केशर तर मी हाय, भाऊ. ही दगडाबाई.’

दीपमालानं तोंडाला पदर लावला.

‘माझ्या पाठीमागून आली व्हती,’ ती टाकाला कुंकू लावत म्हणाली. ‘लई सोसलं हिनं. आता हिचा मान ठेवला पायजे. नायतर आडवी येईन संसारात.’ आणि तिनं तो स्वतःच्या हातानं गळ्यात बांधला, गाठ दोनदा ओढून.

त्या जेवणाला तिनं पहिला घास टाकाला लावला. ‘जेव गं, बाई,’ म्हणाली, आणि मग स्वतः जेवली. अजूनही रोज करते. एक जेवण चुकत नाही. मी समोर बसतो.

पुंजारामकडं परत गेलो होतो. खरं ते सांगितलं. तो म्हणाला, ‘मोडायचा म्हणता? मोडता येतो. पर आता त्यात कोण हाय, ते तुम्हाला ठाऊक हाय. हातोडी तुम्ही घालता का?’ मी उठून आलो.

काल सकाळी रत्नमाला तिला आंघोळ घालत होती. टाक काढून तिनं देवघराच्या खुंटीला अडकवला होता. मी एकटाच होतो. जवळ गेलो, हात जोडायला लाजलो नाही. चष्मा लावून बघितलं. पुंजारामनं काढलेला चेहरा अजून कोरा करकरीत होता, नाक ठळक, कुंकू ठळक. फक्त दोन्ही डोळ्यांच्या कडांपासून हनुवटीपर्यंत दोन बारीक चर पडले होते. कोरलेले नव्हेत, बोट फिरवून बघितलं मी. पाणी वाहून वाहून दगड झिजतो तसे, गुळगुळीत. चांदी इतकी झिजायला किती वर्षं लागतात याचा मला चांगला अंदाज आहे. टाक करून कालच्याला तीन आठवडे झाले होते.